दाराजवळची सीट

विमानात पट्टा बांधता बांधता शिक्षिकाबाईंच्या कानावर पुढच्या रांगेतलं बोलणं पडलं. हवाई सुंदरी संकटकाळच्या दाराशेजारी बसलेल्या आजोबांना नियम समजावत होती.

“आजोबा, वेळ आलीच तर हे दार तुम्ही उघडायचं. जमेल ना?”

“न जमायला काय झालं!”

“आणि लगेच बाहेर पडून बाकीच्यांना उतरवायचं.”

“ते नाही जमायचं, बाळ. आमची ही मागे बसलीये. मी आधी तिला आणायला जाणार.”

“मग कायद्यानं तुम्हाला इथे बसता येणार नाही. मागे पाय पसरायला जागा नाही हं.”

“गुडघे दुमडून बसेन की.”

मागून आजींचा आवाज आला, “घरी बेल वाजली तरी उठत नाहीत हो हे!”

आणि त्यांनी शेजारच्या सीटवरची पिशवी लगबगीनं मांडीवर घेतली.