कुठेच कायम नाही

आमच्या सासऱ्यांना माणूस पारखायला एकच प्रश्न पुरतो: नोकरी कायम आहे ना? दोन हजार पाच-सहाच्या सुमारास ते सिंगापूरला आमच्याकडे राहायला आले होते. तेव्हाच एकदा त्रिनिदादचा एक लेखक आमच्या वुडलँड्सच्या फ्लॅटवर जेवायला आला. सिनेमेही काढायचा. लंडनमध्ये पुस्तकं, लागोसमध्ये माहितीपट, टोरांटोत शिकवणं, असं सगळं त्याने वरणभात कालवत सांगितलं.

सासरे मला मराठीत म्हणाले, “म्हणजे साठी आली तरी गृहस्थ कुठेच कायम झाला नाही.”

“काय म्हणतायत?” पाहुण्याने मला इंग्रजीत विचारलं.

“तुम्ही सगळं जग पाहिलंत, म्हणतायत.”

“बरं वाटलं,” तो म्हणाला. “माझे वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले, पोरगा कुठे कायम झाला नाही.”