गळका पाइप

दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. मागच्या बाकावर दोघी बहिणी बोलत होत्या.

"तुझा तो बेडूक नव्या जातीचा निघाला ना गं?"

"निघाला, ताई. नखाएवढा जीव. ओरडण्यावरून ओळखला."

"मग तोंड का पाडून बसलीस?"

"अहवालात ठिकाण नेमकं लिहावं लागतं. मी लिहिलं, पाण्याच्या टाकीमागच्या भिंतीवरचं, गळक्या पाइपाखालचं शेवाळ. एक प्रत पाणीखात्याला गेली."

"बरं, मग?"

"बारा वर्षं गळत होता तो पाइप. माझा अहवाल वाचून आठ दिवसांत बदलला त्यांनी."

"अगं बाई! जाऊन भांडायचंस ना!"

"गेले होते. म्हणाले, मॅडम, तक्रार तुमचीच होती ना?"

"आणि बेडूक?"

"भिंत कोरडी ठणठणीत झालीय. तीन आठवडे रोज संध्याकाळी रेकॉर्डर लावून बसते. एक आवाज नाही."

"दुसरीकडे गेले असतील."

"कुठे जातील, ताई? ओल तेवढीच होती. काल टाकीशेजारच्या घरातल्या आजी माझ्यासाठी चहा घेऊन आल्या. पाठीवरून हात फिरवला नि म्हणाल्या, पोरी, तुझ्यामुळे पाइप बदलला, आणि ती रोजची किरकिरही गेली बघ. आता कशी शांत झोप लागते."