मी सारवणार न्हाय

बायडाबाई : मी सारवणार न्हाय.

बाळासो : आगं, हळू बोल की. शेण कालवून ठेवलंयस, नुसता हात फिरवायचा. दुपारी ठाण्यातला माणूस बंदूक बघायला येणार हाय. लायसन वाढवून द्यायचं का न्हाय, ते त्येच्या हातात. त्येला चुलीपुढं ही काळी रांगोळी दिसली तर?

बायडाबाई : दिसू दे.

बाळासो : ऐकलंस का संघू, तुझी आई काय म्हणती? कागलास्नं एवढ्या लांब शाहूवाडीत आलीयास, जरा समजाव तिला.

संघप्रिया : आबा, आधी कानावरची बिडी काढा.

बाळासो : पेटवली कुठं हाय?

संघप्रिया : काडेपेटीपण. दोन्ही बाहेर कट्ट्यावर ठेवा. बंदुकीची दारू सांडलीय, गव्हाचं पीठ नाही. आई, चूल विझवलीस का?

बायडाबाई : ही चूल पेटवतच न्हाय मी. दिवाळीपास्नं भाकरी गोठ्यात थापती.

संघप्रिया : का?

बायडाबाई : तुझ्या आबास्नी इचार.

बाळासो : मला काय इचारतीस? दिवाळीत जरा सांडली हुती. हिनं सारवून टाकली, संपलं.

बायडाबाई : तुम्ही सारवाय लावलीसा.

संघप्रिया : आबा, शेणाच्या पाण्यात दारू भिजते खरी, पण सारवण वाळलं की तीपण वाळते आणि पोपड्याखाली पडून राहते. निखारा उडाला असता तर आईच्या पायाखाली पेटली असती.

बाळासो : तू कारखान्यात सेफ्टीची नोकरी करतीस, ती कारखान्यात कर. तुझ्या जन्माच्या आधीपास्नं ठासतोय मी ही बंदूक. मला दारू शिकवू नको.

संघप्रिया : शिकवत नाही. तुम्हाला सगळं ठाऊक आहे आणि तरी झाकायला निघालाय, त्याचा राग आलाय मला.

बाळासो : येऊ दे राग. मी बंदूक सोडणार न्हाय. माझ्या बानं लायसन मागितलं तवा गाव हसलं. ह्यास्नी कशाला पायजे बंदूक, म्हणलं. बानं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, पण घेऊनच आला. आता त्येंचीच नातवंडं भातात डुकरं शिरली की मला फोन करत्यात. तात्या, एक बार काढा की, म्हणत्यात. मला तात्या म्हणत्यात, कळलं?

संघप्रिया : बंदूक सोडा असं कोण म्हणतंय? दारू उचलूया म्हणते. आई, चप्पल काढून ये. आधी त्या तांब्याच्या बारक्या टोप्या उचल, बंदुकीला ठिणगी देणाऱ्या. एकेक, बोटानं, वेगळ्या डबीत. पायाखाली एक चिरडली तरी पेटेल.

बायडाबाई : कोपऱ्यातल्याबी घेतल्या. केरसुणी आणू?

संघप्रिया : नको. केरसुणीनं धूळ उडते आणि दारू भेगांत जाते. वरची सुटी दारू ह्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यानं हळू ओढ, आणि पाण्याच्या बादलीत टाक.

बाळासो : बादलीत? चांगली दारू हाय की ती. डब्यात भर परत.

संघप्रिया : माती मिसळलीय, आबा. ती नळीत घालून पुन्हा ठासणार?

बाळासो : बरं. मग भेगांतली खुरप्यानं काढ.

बायडाबाई : लोखंड नको. खाली कातळ हाय, ठिणगी पडायची. लाकडाचा कालथा घेती मी.

संघप्रिया : बरोबर. वरून पाणी मार, चांगलं मुरू दे, मग पोपडा काढ. दिवाळीचं सारवणपण निघालं पाहिजे. सगळा चिखल बादलीत. मग ती बादली घरापासून लांब, मोकळ्या रानात. वाळवायची नाही, गटारात ओतायची नाही.

बाळासो : म्हंजे अख्खी जमीन उकरून ठेवणार. त्या माणसानं इचारलं, हे काय, तर काय सांगू?

संघप्रिया : सांडली, उचलली.

बाळासो : आन् का सांडली म्हणाला तर?

(बाळासोंच्या हातातल्या दारूच्या डब्यावर सैल झाकण खुळखुळत राहतं.)

संघप्रिया : आबा, डबा खाली ठेवा.

बाळासो : ऱ्हाऊ दे.

संघप्रिया : हात कधीपासून थरथरतोय?

बाळासो : गारठ्यानं असंल.

संघप्रिया : चैत्रात?

बाळासो : मग काय करू? हात दिसला तर बंदूक नेतील. बंदूक गेली की गाव म्हणणार, बघा, ठेवलीच शेवटी खाली. मला ते ऐकायचं न्हाय.

संघप्रिया : पण मागच्या भाताला तर बार निघत होते. मीच फोनवर ऐकलाय एकदा. ह्या हातानं नळीत दारू ओतलीत तुम्ही?

बायडाबाई : बार मी काढलाय.

संघप्रिया : तू?

बायडाबाई : ठासायचं मी, उडवायचं मी. ह्येनी शेजारी उभं ऱ्हायचं. छर्रं कधी घातलं न्हाईत, नुसता आवाज. जीव मारायचा न्हाय, एवढं विहारात ऐकलंय. सकाळी माणसं ह्येंच्या पाठीवर हात टाकायची. काय बार काढलासा तात्या, म्हणायची. मी तिथंच च्या ओतत असायची.

संघप्रिया : आई, लायसन आबांच्या नावावर आहे. कायद्यात बसत नाही हे.

बायडाबाई : न्हाय बसत. म्हणून तर आता झाकणार न्हाय म्हणती. दारूबी न्हाय, ह्येंचा हातबी न्हाय. त्यो आला की त्वांडावर सांगणार.

बाळासो : बायडे, सगळं घालवशील.

संघप्रिया : घालवायचं कशाला? आबांची सत्तरी झालीय. आता वारसाच्या नावानं लायसन मागता येतं. प्रसेनदादा नको म्हणाला, पुण्यात बंदूक घेऊन काय करू, म्हणाला. मी माझं नाव द्यायचं ठरवूनच आलेय.

बायडाबाई : तू कागलात. डुकरं तुझ्या सुट्टीची वाट बघणार व्हय? माझं नाव द्या.

बाळासो : बाईमाणसाच्या नावावर बंदूक? गाव हसंल.

बायडाबाई : तुमच्या बालाबी हसलं हुतं.

संघप्रिया : आबा, बोला की काहीतरी.

बाळासो : काय बोलू? बाचं नाव काढलं हिनं. आता बोलाय जागा कुठं ठेवलीय?

बायडाबाई : ही बादली उचल गं संघू, माझं हात भरल्यात. बाहेर फटफटी वाजतीया.

बाळासो : आला वाटतं. बायडे, हात साबणानं धू, आन् दारात तू जा.

बायडाबाई : मी? आन् तुम्ही?

बाळासो : काय बोलायचं ते तू बोल. पावण्यास्नी पाणी मी देतो. तांब्या तेवढा अर्धाच भर.