होडीतली पुढची जागा

...आणि वर मलाच म्हणतो, "दाजी, वल्हं मारावं तर तुम्हीच!" अहो, मीच मारणार ना! दर वसंतात गॅस्कोनेड नदीवर मी होडीच्या मागच्या फळीवर वल्हं घेऊन, आणि माझा मेहुणा वेंडेल पुढच्या फळीवर गळ टाकून! आमचा नियमच तसा. दुपारच्या जेवणापर्यंत ज्याचा बास मासा मोठा, पुढच्या वर्षी पुढची जागा त्याची. पुढच्याला काय मिळतं? न ढवळलेलं पाणी, न बिथरलेला मासा, समोर मिझुरीचे हिरवे डोंगर. आणि मागच्याला? वेंडेलची मान! तुम्हाला सांगतो, बायकोचा चेहरा मी इतका निरखलेला नाही जितकी मेहुण्याची मान...

तर यंदा ठरवलं, पुढं बसायचंच. सामानच असं घ्यायचं की माशानं आपणहून होडीत उडी मारली पाहिजे!

गेलो मर्लच्या दुकानात. मर्ल म्हणाला, "नदीतला बास ना? मग गळाची काठी हलकी घे. शेंडा लवचीक, बूड ताठ." घेतली. तोच शेगडीपाशी कॉफी भुरकत बसलेला एक म्हातारा खेकसला, "हलकी? या ओढीच्या पाण्यात? अरे, लांब आणि दणकट घे, नाहीतर मासा तुलाच घरी घेऊन जाईल!" तीही घेतली. दोरी? मर्ल म्हणे केसासारखी बारीक, माशाला दिसता कामा नये. म्हातारा म्हणे जाड, खडकाला घासून तुटता कामा नये. दोन्ही घेतल्या! आमिषाचा रंग? मर्ल म्हणे, "तपकिरी. नदीतले झिंगे तपकिरी, बास तेच खातो." म्हातारा म्हणे, "पोपटी!" अहो, पोपटी झिंगा मी जन्मात पाहिलेला नाही, पण घेतलं! सगळे कसे छातीठोक बोलत होते... पण माशाला विचारलं का कुणी? नाही!

घरी आलो तर सामानाच्या पेटीचं झाकण लागेना. आमिषाची एक तपकिरी रबरी अळी बाहेरच राहिली, ती कोंबली सदऱ्याच्या खिशात. बायको, ओपल, दारात उभी. "हार्लन, मासे धरायला चाललायस की गाव लुटायला?" आणि हातात ठेवला केळ्याचा गोड पाव. होडीत केळं म्हणजे घोर अपशकुन, अहो, वेंडेल एकदा भर नदीतून परत फिरला होता केळ्याच्या नुसत्या सालीपायी! म्हटलं, "ओपल, केळं?" तर म्हणते, "केळं नाही, पाव आहे. आणि टाकलास तर याद राख!" आता वेंडेलला भ्यायचं की हिला? पाव गेला त्याच खिशात, अळीच्या शेजारी.

नदीवर काय झालं विचारू नका. लांब काठी पहिल्याच वळणावर सिकॅमोरच्या फांदीत अडकली, होडी गेली पुढं, काठी राहिली झाडावर! वेंडेल वळूनसुद्धा बघत नाही. "दाजी, खारी धरताय का?" मग हलकी काढली. पोपटी आमिष बांधलं, सोडलं, तपकिरी बांधलं, सोडलं... माझा गळ पाण्यापेक्षा मांडीवरच जास्त! तेवढ्यात उथळ, खडकाळ पाण्यात होडी कलली आणि अख्खी पेटी बुडुक! दुकानातली सगळी अक्कल तळाशी! आणि वेंडेलनं त्याच्या त्या रंग उडालेल्या जुनाट आमिषावर हातभर मासा ओढून काढला.

जेवणाची वेळ होत आली. उरली काय, तर खिशातली अळी, अंगाला पावाचा चुरा फासलेली. लावली. टाकली. अहो, पाण्याला टेकतेय न टेकतेय तोच असा हिसका, असा हिसका की होडी उलटी, प्रवाहाविरुद्ध चालली! खोटं वाटतं? वेंडेलला विचारा! मासा वर आला तेव्हा नदीची पातळी खाली गेली, तुम्हाला सांगतो!

वेंडेलनं माशाकडे पाहिलं, मग नाक फेंदारलं. "दाजी... हा वास कसला? केळं? माझ्या होडीत केळं? बाद! मासा बाद!"

"अळीवर लागलाय!"

"पावावर लागलाय!"

भांडत भांडत घरी, न्यायनिवाडा ओपलकडे. एकाची बायको, दुसऱ्याची बहीण, हिच्याहून तटस्थ कोण? तिनं सगळं ऐकलं, मासा उचलून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "काठ्या तुमच्या, पेटी तुमची, आणि मासा आला कशाला? माझ्या पावाला! म्हणजे मासा माझा. पुढच्या वर्षी पुढं मी बसणार."

वेंडेल मधल्या फळीवर. मागं? मी आणि वल्हं! समोर वेंडेलची मान आहेच, आणि तिच्याही पलीकडून हुकूम, "हार्लन, जरा डावीकडे! इतकं डावीकडे नाही!"

माशाला अखेर विचारलं, हो. त्यानं उत्तरही दिलं. पण मला विचारलं का कुणी?