गाडी कोण चालवत होतं

पुरवणी जबाब

नाव लुपेलिना पेनिआमिना, वय ५८ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार फालेमाउता, उपोलू बेटाचा दक्षिण किनारा, सामोआ.

मी आज चौकीत समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी माझे पती पेनिआमिना आणि नात इलीसा, वय पाच, यांच्यासह राहते. इलीसाचे आईवडील ऑकलंडला कामाला असतात. मी शाळेचे गणवेश शिवते. आमचं घर आणि तारो कंदाची लागवड गावचे थोरले मताई, म्हणजे घराण्याचे प्रमुख, लाउमुआ यांच्या घराण्याच्या जमिनीवर असून त्यांच्या शब्दावर आम्ही तिथे आहोत.

मयत मातालेना ही माझी नणंद. लग्न होऊन ती शेजारच्या गावी गेली. घटनेच्या रविवारी ती आमच्या चर्चला आली होती. प्रार्थना संपल्यावर ती, मी आणि इलीसा जेवायला आमच्या घरी चाललो होतो. इलीसा आमच्या दोघींच्या मध्ये होती. रस्ता कोरडा होता, ऊन चांगलं होतं.

पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर इलीसाच्या सँडलचा पट्टा सुटला. ती माझा हात सोडून रस्त्यातच खाली वाकली. त्याच वेळी समोरून लाउमुआ यांची निळी पिकअप गाडी आली. मला आवाज ऐकू आला. मी वर बघितलं, गाडीकडे बघितलं, हे खरं आहे. माझे डोळे उघडे होते. गाडीच्या समोरच्या काचेत आणि माझ्यात आडवं काही नव्हतं. पण माझं सगळं लक्ष इलीसाच्या पायाशी होतं. टाचेला लागलेली लाल माती, लोंबणारा पट्टा, झग्याची खालची दुमड, जी मीच आदल्या दिवशी हाताने घातली होती. एवढंच माझ्याकडे आहे. त्यानंतर इलीसा माझ्या अंगावर होती आणि मातालेना रस्त्यावर पडली होती.

मी पुन्हा मान वर केली तेव्हा गाडी पुढे जाऊन थांबलेली होती. लाउमुआ आणि त्यांचा पुतण्या इओसेफा दोघेही खाली उतरून उभे होते. गाडीची दोन्ही दारं उघडी होती. कोण कोणत्या दारातून उतरलं ते मी पाहिलेलं नाही. मातालेना दवाखान्यात नेताना वाटेत गेली. त्याच दिवशी दवाखान्यात दिलेल्या जबाबात मी, गाडी चालवणारा पाहिला नाही, असंच सांगितलं आहे.

लाउमुआ यांनी गाडी आपण चालवत होतो असं पोलिसांना सांगितलं आहे. दफनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ते मातालेनाच्या घरासमोर माफी मागायला, रिवाजाप्रमाणे अंगावर बारीक विणीची चटई पांघरून खाली मान घालून बसले. तिच्या नवऱ्याने बाहेर येऊन चटई काढली आणि त्यांना हाताला धरून आत नेलं. आमच्यात इथे वैर संपतं. मातालेनाची मुलगी तिरेसा मात्र त्या वेळी घरातून बाहेर आली नाही. गाडी इओसेफा चालवत होता आणि तो प्यायलेला होता, असं तिचं म्हणणं आहे. इओसेफा परदेशातून सुट्टीवर आलेला असून येत्या शुक्रवारी विमानाने परत जाणार आहे.

तिरेसा माझ्याकडे आली तेव्हा मी मशीनवर बसले होते. ती उभीच राहिली. आमचं बोलणं झालं ते असं.

"मामी, तू समोर होतीस. तुला दिसला नाही म्हणजे काय?"

"दिसला असेल गं. पण माझ्यात राहिला नाही."

"अर्धा धागा वाकडा गेला तर तुला लांबून दिसतो. अख्खा माणूस दिसला नाही?"

मी मशीन थांबवलं. मग ती म्हणाली, "नातीला ओढलंस ना? माझ्या आईला निदान एक हाक मारायचीस."

मी हाक मारली नव्हती. तसं मी तिला सांगितलं. ती चहा न घेता गेली.

माझे पती मला रोज एकच सांगतात. "तो म्हातारा स्वतःच्या तोंडाने म्हणतोय की मी होतो. मग तुला कसली अडचण आहे? हो म्हण आणि मोकळी हो." मी त्यांना म्हटलं, मयत तुमची बहीण आहे. ते म्हणाले, "बहीण गेली. आता घर पण घालवू का?" त्या दिवसापासून ते जेवायला माझ्यासमोर बसत नाहीत. लाउमुआ यांनी स्वतः मला कोणतीही धमकी दिलेली नाही. त्यांच्या घरून दोन वेळा मासे आले. मी ते परत पाठवू शकले नाही आणि शिजवलेही नाहीत. शेजारी दिले.

मंगळवारी दुपारी इओसेफा आला. पती लागवडीत होते. तो पायरीवर बसला. पिवळा, पांढऱ्या फुलांचा शर्ट घातला होता. त्याने विचारलं, "काकू, तुम्ही काय बघितलंत?"

मी म्हटलं, "नातीचा पाय."

"फक्त पाय?"

"फक्त पाय."

तो मग म्हणाला, "मला वाटलं तुम्ही माझ्याकडेच बघत होतात." एवढं बोलून त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं. मी त्याला पाणी दिलं. तो न पिता उठला.

सार्जंट फिलिपो यांनी मला विचारलं की, यावरून गाडी इओसेफा चालवत होता असं लिहू का. मी नको म्हटलं. माझी नजर बाजूला बसलेल्यालाही अंगावर आल्यासारखी वाटू शकते. तो काय बोलला ते मी ऐकलं आहे, ते लिहावं. त्याचा अर्थ मी पाहिलेला नाही.

मला हेही सांगायचं आहे की, आता डोळे मिटले की मला गाडीच्या काचेत माणूस दिसतो. तिरेसा बोलून गेली की इओसेफा दिसतो. पती बोलले की लाउमुआ दिसतात. पहिल्या दिवशी यातलं कोणीच दिसत नव्हतं. मंगळवारनंतर इओसेफा जास्त स्पष्ट दिसतो, पण त्याच्या अंगात पिवळा शर्ट असतो. रविवारी तो चर्चच्या पांढऱ्या कपड्यांत होता. म्हणून त्या चेहऱ्यावर माझा भरवसा नाही. पुढे आणखी स्पष्ट दिसू लागला तर मी कदाचित खरंच धरून बसेन. म्हणून आजच सांगते आहे.

सार्जंटसाहेबांना माझं म्हणणं पटेना. त्यांनी मला डोळे मिटायला लावून विचारलं की टेबलावर काय आहे. मी सांगितलं, कात्री, लोखंडी, एका मुठीला कापड गुंडाळलेली. आणखी काय विचारलं तर मला सांगता आलं नाही. डोळे उघडले तेव्हा कात्रीला लागूनच लाउमुआ आणि इओसेफा यांचे फोटो ठेवलेले होते. मी आल्यापासून ते तिथेच असल्याचं साहेब म्हणाले. त्यांनी फोटो फाइलमध्ये ठेवले आणि पुढे त्यावर काही विचारलं नाही.

बाहेर बाकावर एका टोकाला तिरेसा आणि दुसऱ्या टोकाला माझे पती बसले आहेत. चौकीला दार एकच आहे. हा जबाब दोघांच्याही कामाचा नाही, हे मला माहीत आहे. शुक्रवारचं विमान यामुळे थांबणार नाही, हे साहेबांनी मला समजावून सांगितलं आहे. तरी मी यात कोणाचंही नाव घालू शकत नाही.

आणखी एक गोष्ट मी आजवर कोणाला बोललेली नाही. इलीसाला मी ओढलं असं सगळे म्हणतात, मीही तसंच समजत होते. पण तिचा पाय जमिनीवरून सुटला त्या क्षणी तिच्या पाठीला दोन हात टेकलेले होते. बोटं पसरलेली होती. ते मी पाहिलं, कारण माझी नजर तिच्यावरच होती. ते हात माझे नव्हते. मातालेनाने तिला माझ्याकडे ढकललं. त्यासाठी तिला गाडीच्या वाटेत पुढे यावं लागलं असणार.

हे तिरेसाला सांगितलं तर ती विचारेल की, हात दिसले आणि माणूस दिसला नाही, हे तुला शिकवलं कोणी? म्हणून मी सांगितलेलं नाही. याचा गुन्ह्याशी संबंध नाही, लिहिण्याची गरज नाही, असं साहेबांचं म्हणणं पडलं. मी विनंती केल्यावरून हे लिहून घेतलं आहे. तिरेसाने कधी हा कागद मागितला तर तिला वाचायला द्यावा.

माझा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. जे मी पाहिलं नाही ते यात लिहिलेलं नाही.

सही
लुपेलिना पेनिआमिना

समक्ष
सार्जंट फिलिपो