मस्कत-मुंबई अडीच तास

अहो, मधे अख्खा समुद्र! पंधराशे-सोळाशे किलोमीटर! आणि विमानाला लागतात किती? अडीच तास! मग मला सांगा, वसईच्या राजोडीहून विमानतळ गाठायला आम्हाला किती लागावेत? सांगा ना... नका, मीच सांगतो.

माझी मुलगी मर्लिन मस्कतहून येणार, बरोबर माझी नात, आठ महिन्यांची, जिला मी फक्त मोबाइलवर बघितलेली! तुम्हाला सांगतो, बायकोला मी आधीच बजावलेलं, "जुलियाना, बाहेर आल्याआल्या पहिली मी घेणार, तू नंतर!" पण आमच्याकडे रीतच अशी, परदेशातून कोणी आलं की आणायला सगळी वाडी! मिनीबस ठरवली. मर्लिनचा मेसेज आला, "पप्पा, विमानात बसलो," तसा शेजारचा क्लिफर्ड म्हणतो, "फर्डिनंडभाऊ, आत्ता सुटलो की ती आणि आपण एकदमच पोचतो, बघा तुम्ही!"

कसले सुटतोय! प्रार्थना म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही, आणि प्रार्थना सांगणारी बेटीमावशी घरात सुकेळी, आमच्याकडची सुकवलेली केळी, बांधत बसलेली. "अरे, पोरगी उपाशी येईल ना!" मावशी, विमान अडीच तासांचं आहे, ती काय पोहत येतेय? मग क्लिफर्डचा बँड चढला... हो, बँड! ढोल मावेना, म्हणून माझ्या मांडीवर!

आणि चिंचोटी! रविवार, धबधब्याला निघालेली सगळी दुनिया रस्त्यावर! गाडी जागची हलेना, सुकेळी संपली, तिकडे विमान अर्ध्या समुद्रावर आलेलं, आणि क्लिफर्ड म्हणतो, "थांबलोच आहोत, तर जरा प्रॅक्टिस करू!" हायवेवर उतरून वाजवायला लागले हो! बेटीमावशी नाचतेय! मी ओरडतोय, "अरे, विमान अडीच तासांचं!" पण ट्रम्पेटपुढे माझं कोण ऐकतो? तीन तास गाडी तिथेच, आणि वाजवणं चालूच!

विमानतळावर पोचलो तेव्हा विमान उतरून माणसं कधीच पांगलेली. मर्लिनचा फोन लागेना. तेवढ्यात अनोळखी नंबर... "पप्पा, मी टॅक्सीवाल्याच्या फोनवरून बोलतेय. बाहेर कोणीच नव्हतं, फोन बंद पडला, बाळ रडायला लागलं, म्हणून सरळ घरी आले. दाराला कुलूप! अख्ख्या वाडीत माणूस नाही! कुठे गेलात सगळे?"

चावी? माझ्या खिशात!

"आणि पप्पा, चिंचोटीला पलीकडे एक वरात अडकलेली बघितली. एक म्हातारी काय नाचत होती! आम्ही किती हसलो!"

मी वळून बेटीमावशीकडे बघितलं.

परत आलो तेव्हा अंधार पडलेला. ओट्यावर मर्लिन, तिच्या मांडीवर आमची बाय, माझी नात. आम्ही वीस माणसं, घामाघूम, सुकलेले हार हातात. पोरीने माझ्याकडे बघितलं, हसली, आणि दोन्ही हात पुढे केले... माझ्याकडे! जुलियानाच्या आधी! देवाशपथ सांगतो, सगळा दिवस वसूल! मी तिला उचलली, तिने हारातलं फूल तोडून थेट तोंडात घातलं, आणि मस्कतहून आलेली माझी लेक ओट्यावरून आम्हालाच विचारते,

"या, या! प्रवास कसा झाला?"

म्हटलं, "लांबचा झाला गं बाई. तुझ्यासारखं विमानाने यायला पाहिजे होतं."