कलप आन धुऱ्याचा दावा

हसा लेको माह्या पांढऱ्या केसांवर! पन मी कलप कावून लावत नाही, ते आयका.

एकतिसाव्या वर्षीच माहं डोकं पांढरं झालं. डॉक्टरनं इचारलं, “वकीलसाहेब, वडलांचे केस कधी पिकले?”

“तिशीतच.”

“मग अर्धं कारण घरचंच आहे. बाकी रक्तात बी-ट्वेल्व्ह कमी, आन वरून तुमची सिगरेट. सिगरेट सोडा, गोळ्या घ्या, उरलेले जरा उशिरा पिकतील. पिकलेले मात्र काळे होत नाहीत.”

सिगरेट त्याच दिवशी सोडली. पन बायको म्हने, भावाचं लग्न आहे, एकदा कलप लावाच. लावला.

लग्न आटोपून जठारपेठेतल्या ऑफिसात बसलो, तं अकोटकडचे एक काका आले. शेजाऱ्यानं त्याइच्या वावराचा धुरा, म्हंजे बांध, कोरला होता. मागं एकदाच, कलपाच्या आधी, भेटलेले.

“बापू, वकीलसाहेब कुठी गेले?”

“काका, मीच वकील.”

“थट्टा नको करू. तुह्या बाबाले बोलाव.”

आन फाईल काखेत मारून चालले गेले!

कलप तिथंच बंद. दोन महिन्यात कटिंग करता करता डोकं पुन्हा पांढरं झालं. काका पुन्हा आले. मले पाहताच हात जोडले, फाईल टेबलावर ठेवली आन हळूच म्हने,

“साहेब, पोराले आवरा. तुमी नसले का तुमच्या खुर्चीत बसते, आन लोकाइले सांगते, मीच वकील आहो!”